व्यालेल्या शेळीतील जंत : पापणी पाहा, वजन करा, मगच औषध द्या

रिसोड (प्रतिनिधी) : शेळी सुखरूप व्याली, वार वेळेवर पडली आणि पिल्ले उभी राहून दूध पिऊ लागली, की पशुपालक निश्चिंत होतो. परंतु शेळीच्या पोटातील जंतांच्या दृष्टीने खरा धोक्याचा काळ येथूनच सुरू होतो. विण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून ते विल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांपर्यंत शेळीची जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. या काळात शेळी खंगते, तिचे दूध आटते आणि पिल्ले उपाशी राहून दगावतात. अनेकदा दोष पिल्लांच्या आजाराला दिला जातो. मूळ कारण मात्र आईच्या पोटात असते.

पैनगंगेच्या खोऱ्यातील रिसोड तालुक्यात सोयाबीन, तूर व हरभरा ही प्रमुख पिके. शेतीला जोड म्हणून, तर भूमिहीन कुटुंबांत मुख्य आधार म्हणून शेळ्या पाळल्या जातात. सन २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४ कोटी ८८ लाख, तर महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आहेत. त्यांपैकी मोठा वाटा चार-पाच शेळ्या बाळगणाऱ्या लहान कुटुंबांचा आहे. अशा घरात एका वेताची दोन करडे गेली, तर मुलांच्या शाळेचा किंवा पेरणीचा पैसा गेला, असाच त्याचा अर्थ होतो. त्यामुळे विल्यानंतरचे जंत ओळखणे व त्यांवर योग्य उपचार करणे हा घरखर्चाशी थेट निगडित असलेला प्रश्न आहे.

विल्यानंतरच जंत का वाढतात?

निरोगी, प्रौढ शेळीच्या पोटातही थोडे जंत असतातच. एरवी तिचे शरीर त्यांना आटोक्यात ठेवते. त्यांची वाढ रोखते आणि त्यांना फार अंडी घालू देत नाही. गाभण काळाच्या अखेरीस मात्र शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते. पोटातील पिल्लांची वाढ आणि त्यानंतर दूध यांकडे शरीरातील प्रथिने वळविली जातात. प्रतिकारासाठी लागणारा वाटा कमी पडतो. दबून राहिलेले जंत याच वेळी वाढीस लागतात व त्यांच्या मादी मोठ्या प्रमाणावर अंडी घालू लागतात. जुळी किंवा तिळी पिल्ले देणाऱ्या, पहिलटकर आणि खुराक कमी मिळणाऱ्या शेळ्यांमध्ये हा परिणाम अधिक दिसतो. उस्मानाबादी शेळीत जुळ्यांचे प्रमाण चांगले असल्याने अशा शेळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

निसर्गाच्या दृष्टीने जंतांनी साधलेली ही वेळ अचूक असते. शेळीच्या लेंड्यांतून पडलेली अंडी फुटून त्यातील अळ्या गवतावर चढेपर्यंत तीन-चार आठवड्यांची पिल्ले गवताला तोंड लावू लागलेली असतात. पिल्लांच्या शरीरात प्रतिकारशक्ती अद्याप तयार झालेली नसते. थोडक्यात, व्यालेली शेळी स्वतः जंतांची बळी ठरते आणि त्याच वेळी आपल्या पिल्लांच्या चराईवर जंतांची पेरणीही करीत असते. तिच्यावर वेळेत केलेला उपचार म्हणूनच आई व पिल्ले अशा दोघांच्याही कामी येतो.

रक्त पिणारा जंत

शेळ्यांमध्ये गोलकृमी, पट्टकृमी व पर्णकृमी असे तीन प्रकारचे जंत आढळतात. त्यांतील सर्वांत घातक म्हणजे हिमॉन्कस नावाचा गोलकृमी. तो शेळीच्या चौथ्या पोटात राहतो. दोन ते तीन सेंटिमीटर लांबीच्या मादीच्या अंगावर लाल व पांढऱ्या रंगाचे पीळ दिसतात. लाल पीळ हा तिने प्यालेल्या रक्ताचा असतो.

एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मि.लि. रक्त शोषतो. आकडा लहान वाटतो. परंतु एका शेळीच्या पोटात असे १,००० जंत असतील, तर दररोज ५० मि.लि. रक्त जाते. तीस किलो वजनाच्या शेळीच्या अंगात जेमतेम दोन लिटर रक्त असते. म्हणजेच दररोज सुमारे चाळिसावा हिस्सा रक्त नाहीसे होते, तेही दूध द्यायचे असताना. या जंताची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. हजारांपैकी निम्म्या मादी धरल्या, तरी एकच शेळी दररोज २५ लाखांहून अधिक अंडी जमिनीवर टाकते.

उबदार व ओलसर हवेत ही अंडी फुटून पाच ते सात दिवसांत अळी बाधा करण्याजोगी होते. पावसाच्या किंवा दवाच्या पाण्यातून ती गवताच्या पात्यावर काही इंच वर चढते. चरताना पोटात गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांत तिचा पूर्ण वाढलेला जंत होतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. वऱ्हाडातील एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या उन्हात चराईवरील अळ्या टिकत नाहीत. त्या काळात जंत शेळीच्या पोटात आसरा घेऊन असतात. पहिल्या पावसानंतर त्यांचा प्रसार वेगाने होतो आणि श्रावण-भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत चराईवरील अळ्यांचे प्रमाण सर्वाधिक राहते. या दिवसांत विणाऱ्या शेळ्यांना धोका अधिक असतो.

लक्षणे कशी ओळखावीत?

जंत म्हणजे हगवण, असा सर्वसाधारण समज आहे. हिमॉन्कसच्या बाबतीत तो फसवा ठरतो. या जंताची बाधा झालेल्या शेळीची लेंडी अनेकदा नेहमीसारखी घट्ट असते, भूकही काही काळ बरी राहते. त्यामुळे पशुपालक गाफील राहतो. पुढील खुणा मात्र स्पष्ट असतात.

डोळ्याच्या खालच्या पापणीची आतील बाजू लाल-गुलाबी न दिसता फिकट किंवा पांढरी दिसते. हिरड्याही फिकट पडतात. शेळी कळपाच्या मागे राहते, थोड्या चालीने धापा टाकते. दूध एकाएकी कमी होते. पिल्ले कासेला वारंवार ढुसण्या देतात व ओरडत राहतात. केस राठ व उभे होतात, पाठीचा कणा हाताला लागतो. बाधा वाढली की जबड्याखाली मऊ, पाण्याची सूज येते. रक्तातील प्रथिने कमी झाल्याने हे पाणी साठते. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी ही सूज अधिक दिसते व सकाळी कमी झालेली असते.

पातळ हगवण, शेपटीखाली घाण चिकटणे आणि वजन घटणे ही आतड्यात राहणाऱ्या इतर गोलकृमींची लक्षणे होत. लेंड्यांत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसल्यास ते पट्टकृमीचे असतात. नदीकाठी, नाल्याच्या पाणथळ जागी किंवा तलावाच्या गाळपेरात चरणाऱ्या शेळ्यांना यकृतातील पर्णकृमीची बाधा होऊ शकते. गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या या जंतामुळेही शेळी फिकट पडते व जबड्याखाली सूज येते. मात्र ही लक्षणे बहुधा पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात दिसू लागतात.

विल्यानंतर शेळी मलूल होण्यास इतरही कारणे असतात. वार अडकणे, गर्भाशयाचा दाह, कासदाह यांत सामान्यतः ताप असतो, घाण वास येणारा स्राव जातो किंवा कास गरम व कठीण लागते. केवळ जंतांच्या बाधेत बहुधा ताप नसतो. ताप असलेल्या शेळीला जंताचे औषध पाजून वाट पाहत बसणे धोक्याचे असून तिला तातडीने पशुवैद्यकाला दाखवावे.

पापणीच्या रंगावरून निदान

पापणीच्या रंगावरून रक्तक्षय ओळखण्याची पद्धत दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात विकसित झाली. डॉ. फ्रांस्वा ऊर्फ फाफा मलान यांच्या नावावरून तिला ‘फामाचा’ असे म्हणतात. प्रथम मेंढ्यांसाठी तयार झालेली ही पद्धत पुढे शेळ्यांसाठीही उपयुक्त ठरली. तिच्यात रंगांचा एक तक्ता असतो. लालभडक पापणी म्हणजे क्रमांक एक, गुलाबी-लाल म्हणजे दोन, गुलाबी म्हणजे तीन, फिकट गुलाबी म्हणजे चार आणि पांढरी म्हणजे पाच.

चार व पाच क्रमांकाच्या जनावराला उपचार अत्यावश्यक असतो. तीन क्रमांकाच्या जनावराबाबत एरवी थांबता येते. परंतु नुकतीच व्यालेली शेळी व लहान पिल्ले यांना तीन क्रमांक दिसतानाच उपचार देणे श्रेयस्कर. तपासणी सावलीत न करता मोकळ्या उजेडात करावी. अंगठ्याने वरची पापणी हलकेच दाबून खालची पापणी खाली ओढावी व आतील रंग पटकन पाहावा. जास्त वेळ उघडी ठेवल्यास रंग बदलतो. दोन्ही डोळे तपासावेत. पावसाळ्यात व विल्यानंतरच्या दोन महिन्यांत दर पंधरवड्यास ही तपासणी करावी. तिला खर्च येत नाही.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. ती केवळ रक्त कमी झाल्याचे सांगते. गोचिडांचा प्रादुर्भाव, गोचीडतापासारखे आजार, पर्णकृमी किंवा निकृष्ट खुराक यांमुळेही पापणी फिकट होते. म्हणून लेंडीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी हा निदानाचा पक्का आधार होय. शेळीच्या गुदद्वारातून घेतलेल्या ताज्या पाच-सहा लेंड्या स्वच्छ डबीत घालून, त्यावर शेळीची खूण लिहून त्या त्याच दिवशी दवाखान्यात न्याव्यात. जमिनीवरच्या जुन्या लेंड्या तपासणीस उपयोगी नसतात.

औषध किती व कोणते?

जंतनाशक औषधाची निवड पशुवैद्यकानेच करावी. गोलकृमींवर फेनबेन्डाझोल, अल्बेन्डाझोल, लेव्हामिसोल, आयव्हरमेक्टिन ही औषधे वापरली जातात. पर्णकृमींवर ऑक्सिक्लोझानाइड, ट्रायक्लाबेन्डाझोल यांसारखी वेगळी औषधे लागतात. फेनबेन्डाझोल पाजून पर्णकृमी जात नाहीत. क्लोझान्टेल हे रक्तशोषक जंत व पर्णकृमी या दोहोंवर चालते. पण त्याची मात्रा जास्त झाल्यास जनावर आंधळे होऊ शकते, तसेच दुभत्या जनावरात त्याच्या वापरावर निर्बंध आहेत. लेव्हामिसोलची मात्रा वाढल्यास शेळीला विषबाधा होते. गाभण काळाच्या पहिल्या टप्प्यात अल्बेन्डाझोल देऊ नये, कारण त्याने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. कळपात व्यालेल्या शेळ्यांबरोबर नुकत्याच फळलेल्या शेळ्याही असतात, हे विसरून सर्वांना एकच बाटली पाजणे त्यामुळे घातक ठरते.

मात्रेतील सर्वांत मोठी चूक म्हणजे अंदाज. शेळीचे शरीर अनेक जंतनाशके मेंढीच्या तुलनेत लवकर बाहेर टाकते. त्यामुळे मेंढीसाठीची मात्रा शेळीला अपुरी पडते आणि पशुवैद्यक शेळीसाठी बहुधा वाढीव मात्रा ठरवितात. ही मात्रा वजनावर अवलंबून असते. काटा उपलब्ध नसल्यास शिंप्याच्या फितीने वजन काढता येते. छातीचा घेर इंचांत मोजून त्या आकड्याला त्यानेच गुणावे. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने पुन्हा गुणावे व येणाऱ्या संख्येला ६६० ने भागावे. घेर २८ इंच व लांबी २५ इंच असल्यास शेळीचे वजन सुमारे ३० किलो भरते.

समजा, पशुवैद्यकाने एखाद्या औषधाची मात्रा किलोमागे १० मि.ग्रॅ. सांगितली आणि बाटलीतील औषधाच्या दर मि.लि.मध्ये २५ मि.ग्रॅ. घटक आहे. तीस किलोच्या शेळीला ३०० मि.ग्रॅ., म्हणजे १२ मि.लि. औषध लागेल. तीच शेळी नजरेने २० किलोंची धरली, तर तिला ८ मि.लि. मिळेल. एक-तृतीयांश औषध कमी पडले, की कमकुवत जंत मरतात आणि औषधाला दाद न देणारे जंत उरून तेच वाढतात.

औषध पाजताना शेळीचे तोंड फार वर करू नये. तोंडाच्या कडेने, जिभेच्या मागच्या भागावर सावकाश सोडावे. घाईने पाजलेले औषध श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होतो. काही जंतनाशके देण्यापूर्वी जनावर उपाशी ठेवण्याची प्रथा आहे. परंतु विण्याच्या बेतात असलेली किंवा नुकतीच व्यालेली शेळी उपाशी ठेवू नये. औषधानंतर बाटलीवर नमूद केलेल्या मुदतीपर्यंत तिचे दूध घरात वापरू नये. मोरचूद, तंबाखूचे पाणी यांसारखे घरगुती उपाय टाळावेत. त्यांची मात्रा ठरविता येत नाही व त्यांतून विषबाधा होते.

सर्वांना एकदम औषध नको

कळपातील सर्व जनावरांत जंत सारखे नसतात. साधारणतः २० ते ३० टक्के जनावरांच्या पोटात कळपातील सुमारे ८० टक्के जंत असतात, असे विविध देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. त्यामुळे दर महिन्या-दोन महिन्यांनी संपूर्ण कळपाला औषध पाजण्यात पैसा तर वाया जातोच. शिवाय औषधाला दाद देणारे सर्व जंत मरून केवळ निर्ढावलेले जंत चराईवर उरतात. असे निर्ढावलेले जंत भारतातील मेंढी-शेळी फार्मांवरही आढळले आहेत. लाल पापणीच्या, धष्टपुष्ट जनावरांना औषधाविना सोडल्यास त्यांच्या पोटातील साधे जंत टिकून राहतात आणि औषधाची धार शिल्लक राहते.

नुकतीच व्यालेली शेळी मात्र या नियमात अग्रक्रमाची ठरते. विण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे, किंवा ते शक्य न झाल्यास विल्यानंतर पहिल्याच आठवड्यात तिची पापणी व लेंडी तपासून उपचाराचा निर्णय घ्यावा. औषध दिल्यानंतर १० ते १४ दिवसांनी लेंडी पुन्हा तपासावी. अंड्यांच्या संख्येत ९५ टक्क्यांपेक्षा कमी घट झाली, तर औषध निष्प्रभ ठरत असल्याची शंका घ्यावी व दुसऱ्या गटातील औषधाबाबत पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. त्याच गटातील दुसऱ्या कंपनीची बाटली आणून उपयोग होत नाही. फेनबेन्डाझोल व अल्बेन्डाझोल ही नावे वेगळी असली, तरी दोन्ही एकाच गटातील औषधे आहेत.

पापणी पांढरी पडलेल्या शेळीला केवळ जंतनाशक पुरेसे नसते. तिला चराईसाठी दूर नेऊ नये. घरीच सावलीत चारा-पाणी द्यावे. लोह, जीवनसत्त्वे आणि गरज पडल्यास रक्त देण्याचा निर्णय पशुवैद्यक घेतात. रक्त भरून येण्यास काही आठवडे लागतात. तोवर तिच्या पिल्लांना दुसऱ्या शेळीचे किंवा बाटलीने दूध पाजावे.

पिल्लांची हगवण वेगळी

तीन आठवडे ते पाच महिने वयाच्या पिल्लांत रक्ती हगवण किंवा काळपट, दुर्गंधीयुक्त संडास दिसल्यास ‘कॉक्सिडिया’ या सूक्ष्म परजीवीची शंका घ्यावी. ओल्या, दाटीवाटीच्या वाड्यात त्याचा फैलाव होतो. त्यावर जंतनाशक औषधाचा काहीही उपयोग होत नाही. अॅम्प्रोलियम, सल्फा गटातील किंवा टोलट्राझुरिल यांसारखी औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी लागतात. हगवणीने पिल्लू सुकत असल्यास मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे पाजावे व दवाखाना गाठावा. पिल्लांना जंतनाशकाची पहिली मात्रा साधारणतः दोन महिन्यांच्या सुमारास, लेंडी तपासून द्यावी.

गोचीड, पिसवा व उवा हे बाह्य परजीवीही याच काळात पिल्लांचे रक्त शोषतात. कानाच्या आत, शेपटीखाली व जांघेत हात फिरवून पाहावे. फवारणीचे औषध लहान पिल्लांच्या अंगावर परस्पर मारू नये. वाड्याच्या भिंतींच्या फटी बुजवाव्यात, जमिनीचा वरचा थर खरवडून चुना टाकावा व वाडा कोरडा ठेवावा.

चराईचे नियोजन

ई-क्लास जमिनीवर, नाल्याकाठी व गावाजवळच्या पडिकांवर जून ते ऑक्टोबर रोज शेळ्या चरतात. तेथे जंतांच्या अळ्या सर्वाधिक असतात. याउलट सोयाबीनच्या शेतात पीक उभे असल्याने पावसाळाभर शेळ्यांचा पाय पडलेला नसतो. सोंगणीनंतर रिकामे झालेले असे शेत जंतांच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ चराई होय. शेतमालकाच्या संमतीने तेथे प्रथम व्यालेल्या शेळ्या व पिल्ले सोडावीत. इतर कळप नंतर न्यावा. मात्र सांडलेले सोयाबीन एकाच वेळी भरपूर खाल्ल्यास पोटफुगी व आम्लता होते. म्हणून सुरुवातीला शेळ्यांना कुटार खाऊ घालून, थोडा वेळच तेथे चारावे.

सकाळी दव वाळल्यावरच शेळ्या बाहेर काढाव्यात. शेळी ही मुळात झुडपांचा पाला खाणारी आहे. अळ्या गवताच्या खालच्या काही इंचांत असतात. बाभूळ, सुबाभूळ, बोर, शेवरी यांच्या फांद्या वाड्यात उंचावर टांगल्यास शेळीला प्रथिने मिळतात आणि अळ्या टळतात. व्यालेल्या शेळीला तुरीच्या कुटाराबरोबर ढेप व क्षार मिश्रण द्यावे. प्रथिनांचा पुरवठा वाढविल्यास लेंड्यांतून जाणाऱ्या अंड्यांचे प्रमाण घटते, असे संशोधनातून स्पष्ट झाले आहे. ढेपीवरील खर्च हा एका अर्थी जंतांवरील उपचारच होय.

मदत कोठे मिळेल?

गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात उपचार व सल्ला मिळतो. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा नि:शुल्क क्रमांक आहे. रिसोड तालुक्यातील करडा येथे कृषी विज्ञान केंद्र असून, अकोला येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे.

पशुपालकाने एका वहीत प्रत्येक शेळीची विण्याची तारीख, पापणीचा क्रमांक, वजन, दिलेले औषध व त्याची मात्रा नोंदवावी. वर्षभरात काही शेळ्यांची नावे त्या वहीत पुन:पुन्हा येतील. अशा शेळ्या कळपात जंत पसरविणाऱ्या असतात. त्यांची पिल्ले पैदाशीसाठी राखू नयेत. ज्या शेळ्यांची पापणी व्याल्यानंतरही लाल राहते, त्यांच्या पाटी राखाव्यात. दोन-तीन वेतांत कळपाचा औषधखर्च कमी होतो आणि वाड्यातील पिल्ले बाजारापर्यंत पोहोचतात.